सकर्मक हशा

३ जून, सोमवार

आजपासून नवी नोकरी, म्हणून नवी दैनंदिनी. आमच्या वाहिनीवर दर शुक्रवारी 'पोट धरून' नावाचा विनोदी कार्यक्रम लागतो. लहान लहान प्रहसने, चार नट, समोर प्रेक्षक. मध्यंतरी काही पालकांनी तक्रार केली की त्यातली भाषा ऐकून मुले बिघडतात. तेव्हा भाषेवर लक्ष ठेवायला एखादा जबाबदार माणूस नेमावा असे वाहिनीने ठरवले. जन्मभर शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेला माणूस त्यांना माझ्याखेरीज कोण मिळणार?

पहिल्याच बैठकीत मी कार्यक्रमाच्या नावावर आक्षेप घेतला. 'पोट धरून' हे वाक्य अपूर्ण आहे. पोट धरून काय करायचे? हसायचे की दवाखान्यात जायचे? सगळे एकदम हसले. मी विनोद केला नव्हता. दिग्दर्शिका, म्हणजे केस आखूड कापलेली, सतत चहा पिणारी एक बाई, म्हणाली की मास्तर, तुम्ही आमच्याकडे फार उशिरा आलात. मी म्हणालो, नऊला बोलावले होते, मी पावणेनऊलाच आलो आहे. पुन्हा हसले.

मंडळी मोकळ्या मनाची दिसतात. सुधारतील.

७ जून, शुक्रवार

तालमीची खोली म्हणजे एके काळचे गोदाम. एका कोपऱ्यात खोट्या मिशांची पेटी, दुसऱ्यात तीन पायांचा सोफा, चौथ्या पायाच्या जागी विटा. मधोमध लांब टेबल. त्याच्या टोकाची खुर्ची मला दिली आहे. इथे सगळे एकमेकांना टोपणनावानेच हाक मारतात. मुख्य नट उंच आणि काटकुळा, म्हणून तो बांबू. मुख्य नटी कात्री, कारण तिची जीभ तशी चालते.

बांबू मुद्दाम माझ्या शेजारी बसतो. आज त्याने विचारले की चूक ऐकली की तुम्ही आधी डोळे मिटता आणि मग बोट वर करता, ते तसे का? मी सांगितले, डोळे मिटतो ते वेदनेने आणि बोट वर करतो ते कर्तव्य म्हणून. त्याने दोन्ही गोष्टी पुन्हा पुन्हा करून पाहिल्या. शिकण्याची अशी ओढ असलेला विद्यार्थी मला शाळेत एकही भेटला नाही.

१२ जून, बुधवार

वाहिनीचे साहेब येऊन गेले. कार्यक्रम कोणी बघत नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितले. ऑगस्टमध्ये एक विशेष भाग व्हायचा आहे. तोवर लोकांना हसू फुटले तर ठीक, नाही तर शुक्रवारी त्या वेळेला घरसजावटीचा कार्यक्रम लागेल. मग ते निघून गेले. कात्रीला दोन मुली आहेत आणि नवरा असून नसल्यासारखा. बांबू म्हणाला, मला दुसरे काही येतच नाही, मी सजावटीत फार तर पडद्याचा दांडा होईन. त्यावरही कोणी हसले नाही.

मंडळींना धीर द्यावा म्हणून मी विषय बदलला. साहेबांच्या बोलण्यात 'तुम्ही माझी मदत करा' असे वारंवार येत होते. 'मला मदत करा' असे हवे. 'माझी मदत' म्हणजे माझ्या मालकीची मदत. समजा, उद्या एखाद्याच्या घराला आग लागली आणि तो 'माझी मदत करा' असे ओरडला, तर आधी त्याचे वाक्य सुधारावे लागेल.

कात्री माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने बांबूकडे पाहिले. मग दोघांनी मिळून दिग्दर्शिकेकडे पाहिले. मला वाटते, त्यांना मुद्दा पटला.

१८ जून, मंगळवार

नवे प्रहसन तयार झाले. एक भाषाप्रेमी गृहस्थ आहे आणि त्याच्या घरात चोर शिरतो. गृहस्थाचे नाव 'टिंबकाका' ठेवले होते. मी म्हणालो, टिंब नव्हे, अनुस्वार म्हणा. दिग्दर्शिकेने तत्काळ 'अनुस्वारराव' केले. एका पात्राचे नामकरण माझ्या हातून झाले याचा आनंद आहे.

संहितेत चोर म्हणतो, "आवाज केला तर मारेन." मी तिथे खूण केली. बसेन, उठेन, हसेन. पण करीन, धरीन, मारीन. मारणे हे क्रियापद सकर्मक आहे. नुसते मारून भागत नाही, कोणाला तरी मारावे लागते. बांबूने विचारले, हेच अनुस्वारराव चोराला म्हणाले तर? मी म्हणालो, कोणताही जबाबदार माणूस म्हणेल. तेव्हा आता ते असे झाले आहे:

"आवाज केला तर मारेन."

"मारीन."

"तू मला मारणार?"

"मी नव्हे, तुम्ही. कोणाला मारणार?"

"तुला."

"मग मारीन."

यात हसण्यासारखे काय आहे ते मला कळत नाही, पण व्याकरण निर्दोष आहे.

२८ जून, शुक्रवार

चोराचे प्रहसन लागले. बघायला सौ. होती आणि तिचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, मुद्दाम आला होता. पहिल्याच वाक्याला मेहुणा खुर्चीवरून घसरला. सौ.ने उशी तोंडावर दाबून धरली. मला बांबूचे काम जरा भडक वाटले आणि मी तसे म्हणालोही. इतका हेकट माणूस प्रत्यक्षात असता तर त्याच्या घरच्यांना वेड लागले असते. मेहुण्याला ठसका लागला. सौ. त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

४ जुलै, गुरुवार

भाषेविषयी लोकांत जागृती होते आहे. सकाळी भाजीवाला म्हणाला, "सर, पिशवी धरेन की धरीन?" मी उत्तर दिले, तर शेजारच्या गाड्यावरचे चौघे जण ऐकायला आले. बसच्या वाहकाने मला तिकीट देताना डोळे मिटून बोट वर केले. बांबूची सवय आता गावभर पसरली असावी.

दुपारी कात्री घरी आली. अनुस्वाररावांना शोभेल असा जुना कोट हवा होता. मी माझा तपकिरी कोट दिला. मग ती स्वयंपाकघरात सौ.शी बोलत बसली, ती संध्याकाळ होईपर्यंत. दार लोटून घेतले होते. काय चालले होते असे विचारले, तर सौ. म्हणाली, पदार्थांची देवाणघेवाण. जाताना कात्री डोळे पुसत होती. कांदा चिरत असाव्यात.

९ जुलै, मंगळवार

दाढ काढली. असा दिवस वैऱ्यावरही येऊ नये.

दाढेचे काही नाही. पण दंतवैद्याने मला खुर्चीत आडवे केले आणि म्हणाला, "तोंड खोला." तोंड उघडतात. खोल असते ती विहीर. हे मी सांगणार, तोच त्याने तोंडात कापूस, नळी आणि आरसा एकदम घातला. मग म्हणाला, "मी इंजेक्शन लावतो." मग म्हणाला, "माझा विश्वास करा." मी बोट वर केले. त्याला वाटले दुखते आहे, म्हणून त्याने आणखी एक इंजेक्शन दिले. त्यावर तो म्हणाला, "आता बरा वाटेल." मी पुन्हा बोट वर केले. त्याने पुन्हा दिले. घरी येईपर्यंत माझा कानसुद्धा बधिर झाला होता.

सौ. तिथेच स्टुलावर बसली होती. तिने तोंड खिडकीकडे फिरवले होते आणि तिचे खांदे हलत होते. इतक्या वर्षांनीही माझे दुखणे तिला बघवत नाही.

१९ जुलै, शुक्रवार

विलक्षण योगायोग. आजच्या भागात अनुस्वारराव दंतवैद्याकडे जातात. तोंडात कापूस, वैद्याची भाषा भयंकर, आणि बोट वर केले की इंजेक्शन. संहिता माझ्याकडे तपासायला आली तेव्हाच मी चकित झालो होतो. सौ.ला म्हणालो, म्हणजे माझ्यासारखाच अनुभव आलेला आणखी कोणी तरी या गावात आहे. ती म्हणाली, असेल बाई. मी दिग्दर्शिकेकडे त्या समदुःखी गृहस्थाची चौकशी केली. ती म्हणाली, ते फार साधे आहेत, त्यांना यातले काही माहीत नाही.

भेटायला आवडेल.

२७ जुलै, शनिवार

साहेब खूश आहेत, पण शब्द देत नाहीत. विशेष भाग प्रेक्षकांसमोर कसा होतो त्यावर सगळे ठरेल. त्यात अनुस्वाररावांची बायको आजारी पडते. बायको कात्री. मी संहिता तपासली. अकरा चुका होत्या, त्या काढल्या. दिग्दर्शिका म्हणाली, मास्तर, जरा जास्तच स्वच्छ झाली. मी आभार मानले.

१० ऑगस्ट, शनिवार

आज विशेष भागाचे चित्रीकरण होते. जे झाले ते क्रमाने लिहितो.

सकाळी बांबूचा घसा बसला. तोंड हलत होते, आवाज मुळीच नव्हता. सभागृह भरलेले, पहिल्या रांगेत साहेब, पाचव्या रांगेत सौ. आणि मेहुणा. दिग्दर्शिकेने डोक्याला हात लावला. तेव्हा कात्री म्हणाली की मास्तरांना सगळ्या ओळी पाठ आहेत, मास्तर उभे राहतील. बांबूने 'नको नको' म्हणून मान इतकी हलवली की त्याची मिशी पडली. मला वाटले, हा माझ्या उच्चारांचा सन्मान आहे. मी हो म्हणालो. कोट माझाच होता, तो नीट बसला.

मी बांबूची हुबेहूब नक्कल करायचे ठरवले होते. तो मान पुढे काढतो, तशी मी काढली. डोळे मिटतो, तसे मिटले. बोट वर करतो, तसे केले. कोणी हसेना. सभागृहात खोकल्याशिवाय आवाज नव्हता. दुसऱ्या रांगेतला एक जाडा गृहस्थ बायकोला म्हणाला, "हा नकली आहे. खऱ्याची सर नाही." मला ते मंचावर स्पष्ट ऐकू आले. साहेब घड्याळ बघू लागले. पडद्याआड दिग्दर्शिका भिंतीला टेकून खाली बसली.

प्रहसनात बायकोची पाठ धरली आहे आणि ती पलंगावर पडली आहे. संहितेप्रमाणे कात्रीने 'अहो, औषध द्या' असे म्हणायचे होते. ती तसे म्हणालीच नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, माफी मागावी तसे, मग कंबर धरली आणि ओरडली, "आई गं, मी मेली!"

मी संहिता विसरलो, सभागृह विसरलो.

"मेले," मी म्हणालो. "मी मेले. ती मेली."

सभागृह कोसळले. हशा ओसरेपर्यंत कात्री थांबली आणि मग म्हणाली, "अहो, आधी मरू तर द्या."

"मरायला हरकत नाही," मी म्हणालो, "पण प्रथमपुरुषी मरा."

आता लोक खुर्च्या बडवत होते. साहेब पुढच्या कठड्यावर डोके टेकून हसत होते. बराच वेळ कोणी थांबेना, त्यामुळे मला विचार करायला सवड मिळाली.

हे वाक्य संहितेत नव्हते. आणि हे वाक्य मी आयुष्यात एकदाच ऐकले आहे, आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी, प्रसूतिगृहाच्या बंद दाराबाहेर उभा असताना. सौ.च्या माहेरी 'मी आली, मी गेली' असेच बोलतात. मी बाहेरून दुरुस्ती केली होती. आतून परिचारिकांचे हसू ऐकू आले, तेव्हा मला वाटले मूल झाले. मूल त्यानंतर पुष्कळ वेळाने झाले. ही गोष्ट त्या परिचारिका सोडल्या तर दोघांनाच ठाऊक होती, आणि त्यातला एक जण मंचावर उभा होता.

मी पाचव्या रांगेकडे पाहिले. सौ. हसत होती. उशी नव्हती, खिडकी नव्हती, तोंड उघडे टाकून हसत होती. डोळे मिटणे, बोट, दाढ, कोट, सगळे एकदम माझ्या ध्यानात आले.

उरलेले प्रहसन मी पूर्ण केले. प्रत्येक वाक्याला हशा होता. मी एकही वाक्य विनोदाने बोललो नाही.

११ ऑगस्ट, रविवार

अबोला. चहात साखर नव्हती, पण अबोला असल्यामुळे सांगता आले नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

परगावाहून मुलीचा फोन आला. पहिलेच वाक्य, "बाबा, कळलं का शेवटी?" म्हणजे तिलाही ठाऊक होते. जावयालाही. भाजीवाल्याला तर होतेच. 'हसणे' हे क्रियापद अकर्मक आहे, त्याला कर्म लागत नाही, असे मी जन्मभर शिकवले. या घराला, या गावाला आणि त्या वाहिनीला मात्र चांगलेच लागले होते.

राजीनामा लिहिला. तीनदा लिहिला, कारण पहिल्या दोन्हीत शुद्धलेखनाच्या चुका झाल्या. माझ्या हातून. असे कधी झाले नव्हते.

१३ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी सौ. भाजी निवडत होती. मी समोर जाऊन बसलो आणि विचारले, "कात्रीला हे सगळं कोणी सांगितलं?"

"मी," ती म्हणाली. वर पाहिलेसुद्धा नाही.

"का?"

तिने हातातली जुडी खाली ठेवली. "कोट न्यायला आली तेव्हा तिने विचारलं, मास्तर घरी कसे असतात, तुमचे दिवस कसे जातात. आजवर मला असं कोणी विचारलंच नव्हतं. मी बोलायला लागली की तुम्ही वाक्य धरता. वाक्य नीट होतं, पण मला काय सांगायचं होतं ते राहून जातं. तिथे ती पोरगी शेवटपर्यंत ऐकत बसली. मधेच हसायची, मधेच रडायची. मग तिचे फोनही यायला लागले, दाढेचं मी तिला फोनवरच सांगितलं. दाराबाहेरून तुम्ही मला दुरुस्त केलंत ना, तेव्हा मला इतका राग आला होता की त्या रागात कळा सोसल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून ते आठवलं की मला हसू येतं. इतकी वर्षं एकटीच हसते. शनिवारी पहिल्यांदा चार लोकांत मोठ्याने हसता आलं."

इतके सलग ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. किंवा बोलू लागली असेल. तिच्या बोलण्यात एक चूक होती. कोणती ते इथे लिहीत नाही.

मी म्हणालो की लोकांनी माझे हसे केले. ती म्हणाली, लोक तुम्हाला हसत नाहीत, त्या अनुस्वाररावांना हसतात. मी म्हणालो, तो मीच आहे. ती म्हणाली, नाही, तो निम्माच तुम्ही आहात. तो बायकोच्या आजारपणात सात रात्री उशाशी बसत नाही, मी ते त्यांना सांगितलेलं नाही, ते घरात ठेवलंय.

मग तिने चहा केला. साखर होती.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

दिग्दर्शिका, कात्री आणि बांबू घरी आले. तिघे सोफ्याच्या एकाच टोकाला बसले, मुख्याध्यापकांच्या खोलीत बसतात तसे. साहेबांनी पुढच्या वर्षासाठी होकार दिला आहे, पण अनुस्वारराव असतील तरच. आणि अनुस्वारराव मास्तरांच्या परवानगीशिवाय करायचे नाहीत, असे त्या तिघांनी आपसात ठरवले आहे. बांबूचा घसा अजून घोगरा होता. तो म्हणाला, सुरुवातीला तुमची नुसती टिंगल करत होतो, पण हल्ली घरीसुद्धा चूक ऐकली की डोळे मिटतात, त्याचं काय करू? मी म्हणालो, त्यावर औषध नाही.

मी एकच अट घातली. ज्या प्रसंगांवर लोक हसले ते सगळे सौ.चे आहेत, तेव्हा कार्यक्रमाच्या शेवटी लेखिका म्हणून तिचे नाव यावे, आणि ते माझ्या नावाच्या वर यावे. दिग्दर्शिका लगेच हो म्हणाली.

सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, मग माझीही एक अट आहे. मी लिहिलेल्या वाक्यांना यांनी हात लावायचा नाही. तिथे 'मी आली' असेल तर 'मी आली'च राहील.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी विचार करायला वेळ मागितला. मग कपाटातून ग्रंथ काढून बसलो. पात्राच्या तोंडची बोली जशीच्या तशी ठेवावी, असे सापडले. नियमच आहे म्हटल्यावर माझा इलाज नव्हता.

राजीनामा फाडला. तिसरा चांगला जमला होता.

३० ऑगस्ट, शुक्रवार

सौ.ने लिहिलेल्या पहिल्या प्रहसनाचे आज चित्रीकरण झाले. मी आणि ती प्रेक्षकांत बसलो होतो. तिने नवी चप्पल घातली होती आणि ती माझ्या हाताची बोटे इतकी आवळून बसली होती की वर करायची म्हटली तरी करता आली नसती.

प्रहसनात अनुस्वाररावांची बायको त्यांना सोडून निघते. जाण्याचे कारण ती सांगू लागते आणि ते तिचे प्रत्येक वाक्य दुरुस्त करत जातात. शेवटी ती म्हणते, "तुम्हीच लिहा मग, मी का चालली ते." अनुस्वारराव मन लावून निबंध लिहितात, मुद्देसूद, समर्पक म्हणींसह. लिहून झाल्यावर वाचून बघतात आणि म्हणतात, "कारणं अगदी सबळ आहेत. चल, तुला स्टँडवर सोडतो." मग तिची बॅग उचलून तिच्या मागोमाग जातात आणि दोघे एकाच बसमध्ये बसतात.

लोक खूप हसले. साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आमच्या मागच्या रांगेत एक तरुण बाई बसली होती. डोळे पुसत ती शेजारणीला म्हणाली, "असला नवरा मिळाला तर बाईचं काय होत असेल गं?"

सौ. मागे वळली. चेहरा अगदी सरळ.

"काही होत नाही," ती म्हणाली. "भाषा सुधारते."

त्या बायकांना काही कळले नाही. मला कळले. मी हसलो, आणि बहुधा फार मोठ्याने हसलो, कारण मंचावर वाकून नमस्कार करत असलेला बांबू तसाच वाकलेला राहून आमच्याकडे बघत राहिला.